बॉनेटखालचा हिशेब

२०२४ सालचा मे महिना. पुण्यात उन्हाने कहर केलेला आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या गाडीचा एसी बंद पडला. एरवी मी याचे फारसे मनावर घेतले नसते. एसटीच्या खिडकीशी बसून लग्नाला, बारशाला आणि बदलीच्या गावाला प्रवास केलेली आमची पिढी. तिला एसीचे कौतुक असले तरी त्यावाचून तिचे अडत नाही. पण त्या शनिवारी साताऱ्याहून सासूबाईंना आणायचे होते. वय वर्षे ८७, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. सोमवारी पुण्यात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरलेली. 'आईला त्या भट्टीत बसवून आणायचं नाही,' असा घरातून हुकूम निघाला. अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हुकमाची अंमलबजावणी अंगवळणी पडलेली असते. बुधवारी सकाळी मी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली.

ही सेंटरे तुम्ही पाहिली असतीलच. बाहेर काच, आत गारवा, मऊ सोफे, कॉफीचे यंत्र आणि भिंतीवर आवाज बंद करून लावलेला टीव्ही. एका बाजूला आणखी एक मोठी काच. तिच्यापलीकडे गाड्या उंच उचललेल्या दिसतात, निळ्या कपड्यांतली मुले लगबगीने फिरताना दिसतात, पण ऐकू काहीच येत नाही. दारावर पाटी असते : 'ग्राहकांस आत प्रवेश नाही.' शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखे आपण त्या काचेकडे पाहत बसायचे. फरक इतकाच, की तिथे डॉक्टर बाहेर येऊन निदान काय झाले होते ते तरी सांगतात.

दीड तासाने पंचविशीतला एक तरुण हातात टॅब घेऊन आला. नीट भांग, गळ्यात ओळखपत्र, बोलणे अत्यंत अदबीचे. "सर, कॉम्प्रेसर गेलाय," तो म्हणाला, "चेंज करावा लागेल. बेचाळीस हजार सहाशे, गॅस आणि लेबर वेगळं. आज अॅप्रूव्हल दिलंत तर लेबरवर दहा टक्के सूट बसवून देतो."

"गेला म्हणजे नेमकं काय झालं त्याला?" मी विचारले.

"चालू होत नाहीये सर."

"तेच तर सांगायला मी आलो होतो. का चालू होत नाही?"

तो क्षणभर थांबला. टॅबकडे पाहिले. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला, "चेंज करावा लागेल, सर."

मी गाडी परत मागितली. तपासणीचे ८०० रुपये भरले, पावती घेतली आणि खिडक्या उघड्या टाकून घरी आलो. रागाचा हा काही पहिला हप्ता नव्हता. आधीच्या वर्षी सर्व्हिसिंगच्या बिलात ४ लिटर इंजिन ऑइल लावलेले मला आढळले होते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत मात्र फिल्टर बदलला तरी ३.१ लिटरच लागते असे छापलेले आहे. वर ९०० मिलिलिटर गेले कुठे, हे विचारले तेव्हा 'सर, सिस्टिम आपोआप घेते,' असे उत्तर मिळाले. त्याच बिलात इंजिन ड्रेसिंग, एसीचे जंतुनाशक, उंदीर पळवणारा फवारा अशा सात ओळी होत्या. त्यांतली एकही मी मागितली नव्हती. बँकेत तपासनीस म्हणून काम केलेल्या माणसाला अशा ओळी रात्री झोपू देत नाहीत.

संध्याकाळी गाडीचे बॉनेट उघडून उभा राहिलो आणि तेहतीस वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवला.

१९९१ साली माझी बदली चिपळूणला झाली. बँकेचे वाहनकर्ज काढून मी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. गिअर स्टिअरिंगपाशी, रंग मळकट पांढरा, स्वभाव पुरणपोळीसारखा : गोड, पण जड. आईवडील कऱ्हाडला असत. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट चढावा लागे. मे महिन्यात घाटाच्या मध्यावर ती हमखास बंद पडायची. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर दीड वर्षाची मुलगी रडत होती, पत्नी रागावून गप्प होती आणि मी बॉनेट उघडून इंजिनाकडे असा पाहत होतो, जणू ते मला परकीय भाषेत लिहिलेले पत्र होते. मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. त्याने काही न विचारता पाण्यात फडके भिजवले आणि एका छोट्या डब्यासारख्या भागावर गुंडाळले. पाच-सात मिनिटांनी म्हणाला, "मारा आता." गाडी सुरू झाली.

तो पेट्रोल पंप होता. रस्त्यावरचा नव्हे, गाडीतला. इंजिनाला चिकटूनच असल्यामुळे चढावर तो तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही. ओले फडके लावले की वाफेचे पुन्हा पेट्रोल. हे सगळे मला पुढच्या सोमवारी चिपळूणच्या एका गॅरेजवाल्या चाचांनी समजावून सांगितले. पत्र्याची शेड, बाहेर आंब्याचे झाड, झाडाखाली बाकडे. तिथे 'प्रवेश नाही' अशी पाटी नव्हती. उलट, "साहेब, उभे काय राहिलात? बॅटरी धरा इकडे," असे म्हणून चाचा माझ्या हातात टॉर्च द्यायचे. तीन वर्षांत त्यांनी मला प्लग साफ करून त्यातले अंतर जुळवायला शिकवले, पॉइंट पॉलिशपेपरने घासायला शिकवले, फॅनबेल्टचा ताण बोटाने दाबून पाहायला शिकवले. त्यांचे एक वाक्य मी पुढे कर्जाच्या फायली तपासतानाही वापरत आलो : "साहेब, गाडी आधी ऐकायची, मग उघडायची. आधी उघडलीत तर बिघाड नसेल तिथंही सापडतो."

त्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही, हेही सांगायला हवे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावर गाड्या बनवल्या. त्यातली ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. नाव बदलले, गाडी जवळजवळ तीच राहिली. बाजारात मोजक्याच गाड्या आणि त्याही वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या. त्यामुळे गावोगावच्या मिस्त्र्याला त्या तोंडपाठ होत्या. आपण गाडी दुरुस्त करायला शिकलो ते हौसेने थोडे आणि नाइलाजाने फार. ती वारंवार बंद पडायची म्हणून तिची ओळख झाली. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू लोकांना कळले, की गाडी किल्ली फिरवल्यावर सुरू होणे ही काही चैन नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्याच दिवसापासून बॉनेट उघडण्याची आपली सवयही सुटत गेली. मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुदत संपून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला कुंभार्ली घाट आठवला आणि क्षणभर पेट्रोलचा वासही आला.

मधल्या काळात गाडीच्या पोटातच बदल झाला. २००० सालाच्या आसपास धुराचे नियम कडक होऊ लागले. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आले. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६चा नियम लागू झाला, तेव्हा तर गाडीतल्या संवेदकांची संख्या आणखी वाढली. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? आपल्या नातवंडांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. पण याचा एक परिणाम असा, की जी गोष्ट चाचा कानाने ऐकायचे ती आता यंत्र जोडून वाचावी लागते. स्टिअरिंगखाली १६ टाचण्यांचे एक सॉकेट असते. त्याला यंत्र जोडले की गाडी स्वतःच्या आजाराचा एक आकडा सांगते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. आता ते का पेटत नाही, हे तो आकडा सांगत नाही. प्लग खराब असेल, कॉइल गेली असेल, इंजेक्टर तुंबला असेल किंवा एखादी तार उंदराने खाल्ली असेल. थर्मामीटर ताप सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही. पुढचे काम माणसाचे. आणि नेमके तेच काम काचेपलीकडे कमी होत चालले आहे. आकडा दिसला की त्या आकड्याच्या नावाचा भाग बदलून टाकायचा, त्याने भागले नाही तर शेजारचा.

मी चष्मा लावून माहितीपुस्तिका उघडली. आठ वर्षे ती डॅशबोर्डच्या कप्प्यात पेट्रोलच्या पावत्यांखाली पडून होती. आपण लोक घरातल्या मिक्सरपासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत कुठलीच माहितीपत्रके वाचत नाही. अडल्यावर मात्र शेजाऱ्याला विचारतो. त्या पुस्तिकेतून आणि थोड्याशा जुन्या समजुतीतून मला एवढे कळले : एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याने फिरतो, पण पट्टा सतत फिरत असला तरी कॉम्प्रेसर सतत चालत नाही. मधे एक चुंबकी क्लच असतो. आपण एसीचे बटण दाबले, की त्या क्लचला वीज मिळते, तो 'टक्' असा आवाज करून चिकटतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. ही वीज पोहोचवण्याचे काम रिले नावाची आगपेटीपेक्षा लहान डबी करते. गॅस फार कमी झाला असेल तरीही ही वीज मुद्दामच रोखली जाते, म्हणजे कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळू नये. थोडक्यात, कॉम्प्रेसर चालू न होण्याची चार-पाच कारणे होती आणि त्यांत 'कॉम्प्रेसर गेला' हे सगळ्यात महागडे कारण होते.

मी इंजिन चालू केले, पत्नीला एसीचे बटण दाबायला सांगितले आणि चाचांची आज्ञा पाळून कान दिला. 'टक्' आले नाही. बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीचे झाकण काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला होता. एसीचा फ्यूज शाबूत होता. एसीचा रिले आणि हॉर्नचा रिले शेजारी शेजारी, एकाच आकाराचे. दोन्हींवरचा क्रमांक ताडून पाहिला, तो एकच होता. इंजिन बंद केले, किल्ली काढली, दोन्ही डब्या उपसल्या आणि त्यांची अदलाबदल केली. पुन्हा इंजिन चालू.

"दाब गं बटण."

टक्.

दोन मिनिटांनी पत्नीने आतून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. हात गार होता. मी हॉर्न दाबला. हॉर्न मुका. म्हणजे बिघडलेली डबी आता हॉर्नच्या जागी बसली होती आणि निदान पक्के झाले होते. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन त्याच क्रमांकाचा नवा रिले आणला. किंमत १९० रुपये. दुकानदाराने डबी कागदात बांधून देताना विचारले, "स्वतः बसवणार का काका?" मी होय म्हणालो. कादंबरीला पुरस्कार मिळाला तेव्हाही 'होय' हा शब्द मी इतक्या रुबाबात उच्चारला नव्हता.

शनिवारी सासूबाई साताऱ्याहून गारेगार आल्या. खंबाटकी उतरताना त्यांना चक्क थंडी वाजली आणि त्यांनी शाल मागितली.

शस्त्रक्रिया पार पडली आणि मी जुना रिले खिशात घालून पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. चार शब्द सुनावायचे असे ठरवूनच गेलो होतो. वाक्येही जुळवून ठेवली होती. तो तरुण भेटला. मी डबी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "हा तुमचा बेचाळीस हजारांचा कॉम्प्रेसर. एकशे नव्वद रुपयांत बसला."

त्याने डबी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि चेहरा पाडून म्हणाला, "सॉरी सर." मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात सांगू लागला. मेकॅनिकला एका गाडीच्या तपासणीला वीस मिनिटे मिळतात. त्याने क्लच चालू होत नाही एवढे पाहिले आणि तसे लिहून दिले. कारण शोधत बसला तर त्याच्या मागच्या तीन गाड्या अडतात. शिवाय दर महिन्याला सुट्या भागांचे, फवाऱ्यांचे, वाढीव वॉरंटीचे आकडे ठरलेले असतात. महिनाअखेरीला ते भरले नाहीत, तर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभे करतात. "गाव बार्शीकडं आहे सर. आयटीआय केलंय, ऑटोचंच. हातानं काम करायला आवडतं. पण इथं आल्यापासून पाना हातात धरला नाही. फक्त टॅब."

मी जुळवून आणलेली वाक्ये तशीच घेऊन घरी आलो. कारण त्याच्या बोलण्यात मला दुसराच आवाज ऐकू यायला लागला होता. माझा.

२००७ सालची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकांनी तोवर विमा विकायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक शाखेला त्याचे आकडे यायचे. आठवड्याला फोन, पंधरवड्याला मीटिंग. आकडा कमी असलेल्या शाखाधिकाऱ्याचे नाव विभागीय कार्यालयात मोठ्याने वाचले जाई. अशाच एका मार्चमध्ये निवृत्त झालेल्या एक प्राथमिक शिक्षिका दोन लाखांची मुदत ठेव ठेवायला आल्या. सगळ्या गावाच्या त्या 'बाई'. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "बाई, एफडीत काय मिळतंय? तीन वर्षांची एक चांगली योजना आहे." ती शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी होती. पहिल्याच वर्षी हप्त्यातला मोठा भाग शुल्कापोटी कापला जातो, हे मला ठाऊक होते. ते कागदावर बारीक अक्षरांत होतेही. मी ते वाचून दाखवले नाही, एवढेच. त्यांनी विचारलेही नाही. त्यांचा कागदावर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. 'कुठं सही करू, साहेब?' एवढेच त्या म्हणाल्या.

जानेवारी २००८मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला. दिवाळीनंतर बाई शाखेत आल्या. "साहेब, बँकेत ठेवलेले पैसे कमी कसे होतात?" त्यांनी विचारले. रागाने नव्हे, खरोखर न कळल्यासारखे. मी म्हणालो, "बाजार आहे बाई, वाट बघा." मीही तेव्हा काचेपलीकडेच उभा होतो. बाईंनी तक्रार केली नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी पेन्शनचे खाते शांतपणे दुसऱ्या बँकेत नेले. १ सप्टेंबर २०१०पासून विमा नियामकाने अशा पॉलिसींच्या शुल्कावर मर्यादा आणली, नियम कडक केले. बाईंच्या दोन लाखांना त्याचा काय उपयोग? माझ्या गोपनीय अहवालात मात्र त्या वर्षी 'उद्दिष्टपूर्ती उत्तम' असा शेरा आहे.

म्हणून मी त्या बार्शीकडच्या मुलाला चोर म्हणू शकत नाही. चोर म्हणून मोकळे होणे सोपे असते. खरी अडचण अशी आहे, की ज्याला दुरुस्ती येते त्याच्या हातातून पाना काढून घेतला आहे आणि त्याच्याकडे विक्रीचा आकडा दिला आहे. डॉक्टरला औषधे खपवण्याचे उद्दिष्ट दिले तर रोग्याचे जे होईल, तेच गाडीचे आणि ठेवीदाराचे होते.

'मग सगळे आपले आपणच करावे,' असे कोणी म्हणेल. मलाही रिलेच्या विजयानंतर तसेच वाटू लागले होते. त्याचीही गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे हिशेब पुरा होईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड स्वतः बदलायचे ठरवले. चाके काढली, जुने पॅड काढले. नवे पॅड जाड असतात, ते बसावेत म्हणून आतला पिस्टन मागे ढकलावा लागतो. तोही ढकलला. सगळे नीट जोडले, चाके आवळली. आमच्या सोसायटीत पार्किंगमधून फाटकाकडे उतार आहे. गाडी सुरू केली, उताराला लागलो आणि ब्रेक दाबला. पेडल सरळ जमिनीला टेकले. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल आठ-दहा वेळा दाबून पिस्टन पुन्हा पुढे आणावा लागतो. ही एक ओळ माझ्या डोक्यातून निसटली होती. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडीने वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा चुरा केला होता. वॉचमन त्याच क्षणी चहा आणायला उठला होता. तो परत आला आणि दोन ग्लास हातात घेऊन त्या खुर्चीकडे पाहत उभा राहिला. त्यातला एक ग्लास त्याने माझ्यासाठी आणला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सर्व्हिस सेंटरने माझे पैसे घेतले असते. माझ्या अर्धवट ज्ञानाने एका माणसाचे पाय गेले असते.

तेव्हापासून मी एक सीमारेषा आखून घेतली आहे. टायरमधली हवा, वायपरचे रबर, इंजिनाचा आणि एसीचा एअर फिल्टर, फ्यूज, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी, इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहणे, ही घरची कामे. कोणालाही जमतील आणि मुलांना शिकवावीत अशी. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, पेट्रोलची नळी आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे, ही कामे जाणकाराची. मधल्या सगळ्या कामांसाठी मी एक मिस्त्री शोधला आहे. त्याचे गॅरेज सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीत आहे. तो मला आत उभे राहू देतो.

आणि सर्व्हिस सेंटरला जातच नाही असेही नाही. जातो, पण बँकेतला तपासनीस सोबत घेऊन. कामाचा अंदाज लेखी मागतो. प्रत्येक ओळीपुढे 'हे का?' असे विचारतो. न मागितलेल्या ओळींवर काट मारून सही करतो. 'भाग गेला आहे' असे म्हटले की 'कशावरून ठरवलं, ते दाखवा' म्हणतो. बदललेला जुना भाग पिशवीत घालून परत मागतो. हे सारे आवाज न चढवता करता येते. आपल्याकडे प्रश्न विचारणारा माणूस एकतर भांडकुदळ समजला जातो किंवा कंजूष. थोडे दिवस ते सोसावे लागते.

कायदाही अगदीच झोपलेला नाही. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे हा स्पर्धेचा गळा घोटणे आहे, असे म्हणत भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात होते. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. पण निदान प्रश्न तरी नोंदला गेला. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी सरकारी पोर्टलही सुरू झाले. आणि बिलात घोळ वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. पण कोणताही कायदा आपल्या वतीने माहितीपुस्तिका वाचत नाही. ते काम आपलेच.

परवा त्या तरुणाचा फोन आला. त्याने सेंटर सोडले. बार्शीत मामाच्या गॅरेजमध्ये काम करतो आहे. पगार कमी आहे, पण तपासणीचे यंत्र हप्त्याने घेतले, असे तो उत्साहाने सांगत होता. "सर, तुमचा तो रिले मी पुढच्या पोरांना दाखवतो," तो म्हणाला. मी तो त्याच्या टेबलावर विसरून आलो होतो.

बाईंना मात्र मी अजून भेटलेलो नाही. गाव ठाऊक आहे, घर ठाऊक आहे. साताऱ्याच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करावी लागेल, एवढेच. दर खेपेला काही ना काही कारण निघते आणि गाडी सरळ पुढे जाते. गाडीत आता कसलाही बिघाड नाही, त्यामुळे ते कारणही उरलेले नाही.

सासूबाईंचा दुसरा डोळाही त्याच जूनमध्ये झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी घरभर फिरून भिंतीवरची जळमटे, फोटोतले चेहरे आणि लेकीचे पांढरे केस सारे नव्याने पाहून घेतले. मग जेवायला बसल्यावर त्यांची नजर माझ्या हातांवर स्थिरावली.

"जावईबापू, तुम्ही बँकेत होतात ना? मग नखं अशी काळी कशी हो?"

पत्नी हसली. मीही हसलो. मग उठून साबणाने हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. ग्रीसचा काळेपणा दोन दिवसांत निघाला. बँकेत होतो तेव्हा माझी नखे नेहमी स्वच्छ असत.